वहिनींसाठी दोन पोटांची होडी

"त्यात काय एवढं? पाठकुळीला घिऊ आन् ठिवू होडीत!" हे वाक्य मी आमच्या पारावर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता कुणी ते नुसतं सुरू जरी केलं तरी माझं डोकं फिरतं. पाठकुळीला घ्यायला त्या काय गव्हाचं पोतं आहेत? माझ्या थोरल्या भावाच्या बायकोबद्दल, माझ्या वहिनींबद्दल बोलतोय मी. आई गेली तेव्हा मी शेंबडा पोर होतो. मला न्हाऊमाखू घालून, कान पिळून, शाळेत ढकलून माणसात आणलं ते या बाईनं. तिला चार पोरांनी उचलायचं, आणि ती ओशाळून पदर सावरत असताना काठावरच्या बाकीच्यांनी फिदीफिदी हसायचं, हा यांचा तोडगा!

आमचं घर भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडच्या काठाला आहे. भोरचा बाजार, दवाखाना, एसटीचा रस्ता, सगळं अलीकडे. पाण्याला वळसा घालून रस्ता आहे म्हणतात. आहे, पण तो रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ, आणि दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस त्यावरनं टेम्पोत बसून गेलं तर भोरला पोचेपर्यंत त्याचा चुरा होतो. म्हणून सगळे होडीनंच जातात. वहिनीही आयुष्यभर होडीनंच गेल्या. त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या खालचं. लग्नानंतर पहिल्या खेपेला त्या डोंगर उतरून चालत आल्या होत्या आणि चालून आलेल्या नवऱ्या मुलीचे पाय दुखतायत का हे विचारायचंही कुणाला सुचलं नव्हतं, असं त्या अजून ऐकवतात.

पुढं गुडघे गेले. आमची नेहमीची होडी अरुंद, एका पोटाची. खडकावरनं तिच्या काठावर पाय टाकला की ती अंग काढून घेते. एकदा वहिनींचा एक पाय होडीत आणि एक खडकावर असताना होडी सरकली आणि त्या मधल्या पाण्यात पडल्या. कमरेएवढंच पाणी, लागलं काही नाही. पण पोरांनी धावत येऊन त्यांना काखेत हात घालून वर काढलं, आणि ओलं पातळ नेसून त्या काठावर बसल्या असताना कुणीतरी म्हणालं, "आता म्हातारीला झोळीतनंच न्यायला लागतंय." त्या दिवसापासून वहिनींनी होडीत पाय ठेवला नाही.

"भावजी, झोळीतनं न्हेत्यात ती मानसं येगळी," त्या मला म्हणाल्या. "मला कुनी उचलायचं न्हाई. जाईन तर माज्या पायानं जाईन, न्हाईतर हितंच बसंन."

आणि त्या बसल्या. हट्टानं बसल्या. भोरचा बाजार सुटला, आणि बाजार म्हणजे त्यांच्यासाठी भाजीपाला नव्हे, भाजी त्यांच्या परसात ढिगानं होते. बाजार म्हणजे पातळाचा पोत बोटांनी चाचपून बघणं, दुकानदाराशी हुज्जत घालणं, आणि येताना लेकीच्या घरी टेकून चहा पिणं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आईसाठी बाजार करून आणायचा. सुकट आणली तर निम्मी रेती. पातळ आणलं तर ते असं की वहिनींनी त्याचं घडीवरचं लेबलसुद्धा काढलं नाही. पुतण्याला वाटायचं, आई उगाच किरकिर करते. मला वाटायचं, याच्या कानफटात वाजवावी.

मी शिवऱ्याला हायवेच्या कडेला वेल्डिंगचं दुकान चालवतो. फाटकं, ग्रिल, ट्रॉलीचे फाळके, असली कामं. एका पुण्याच्या साहेबांच्या फार्महाऊसचं फाटक मी केलं होतं. त्यांनी हौसेनं एक शिडाची होडी आणली होती: दोन लांब निमुळती फायबरची पोटं, मध्ये अल्युमिनियमच्या दांड्या, दांड्यांवर जाळी ताणलेली, आणि प्रत्येक पोटात एकेक माणूस झोपेल एवढी खोली. समुद्रात मुक्काम करत फिरायची होडी ती! साहेबांनी ती दोन-चार वेळा फिरवली, मग त्यांची हौस फिटली. ताडपत्रीखाली पडून पडून जाळी फाटली होती, एक पोट तडकलं होतं आणि त्यात घुशींनी बिऱ्हाड केलं होतं. साहेब म्हणाले, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." मी दोन पोटांमधलं अंतर पावलांनी मोजलं. असली रुंद होडी कुणी काठावर पाय टाकला म्हणून कलायची नाही. त्याच क्षणी मला वहिनी दिसल्या, सरळ चालत होडीवर येताना.

होडी आमच्या काठाला आली आणि गावाला कंठ फुटला. आमच्याकडं एखाद्यानं स्वतःच्या हातानं काही करायला घेतलं की बाकीच्यांच्या अंगात इंजिनिअर येतो. हातात पाना घ्यायला कुणी पुढं येत नाही, पण बोट दाखवायला रांग. एक म्हणाला, ट्रॅक्टरचं इंजिन टाका. अहो, ट्रॅक्टरचं इंजिन टाकल्यावर ती तरंगेल की तळाला जाईल? दुसरा म्हणाला, मधल्या भागात शहाबादी फरशी बसवा, धुवायला बरी. तिसऱ्यानं तर कोबा करायचा सल्ला दिला आणि वर म्हणाला, "सिमीट माज्याकडं हाय." पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर कोबा! या माणसाला घरात कुणी पाणी तापवायला तरी सांगतं का, असा मला प्रश्न पडला.

मी माझ्या मनानंच केलं. तडकलेल्या पोटाला टेम्पोचे बंपर सांधणाऱ्या माणसाकडून फायबरचं कापड आणि राळ लावून घेतली. फाटकी जाळी फेकून दिली. तिच्या जागी मी वेल्ह्याच्या बाजारातनं नवार आणली आणि बाज विणतात तशी उभी-आडवी ताणून विणली. पण नवारीवर पाय ठेवला की तो खाली जातो, आणि पाय खाली गेला की वहिनींचा जीव वर येतो. म्हणून मागच्या निम्म्या भागावर फळ्या टाकल्या आणि नवार पुढं सामानापुरती ठेवली. वीडरचं इंजिन मागं बसवून त्याला लांब दांडा आणि टोकाला पंखा लावला. उन्हासाठी चार पाईप उभे करून वर चौकट केली, पातळ-बितळ काहीतरी टाकता येईल अशी. पोटांतल्या त्या झोपायच्या खोल्यांवर मी झाकणं पक्की केली, कारण रिकामी हवा हेच त्या होडीचं बळ होतं. त्यावर लगेच एकानं विचारलं, "मग त्यात कांद्याच्या गोणी ठिवल्या तर?" मी झाकणाचा बोल्ट आणखी एक आटा आवळला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते उताराच्या फळीनं. धरणाचं पाणी एका जागी थांबत नाही. दिवाळीत जिथं होडी लागते तिथं शिमग्याला गाळपेरीची हरभऱ्याची रोपं उभी असतात. काठच रोज पुढं सरकत असेल तर धक्का बांधायचा कुठं? म्हणून धक्का मी होडीलाच बांधला. शिडाचा उंच डोलखांब तसाही आमच्या कामाचा नव्हता. तो आडवा पाडला, त्याचे दोन तुकडे केले, आणि दोन्हींच्या मध्ये पट्ट्या ठोकून लांब उतरण केली. अल्युमिनियमला माझ्याकडची वेल्डिंग धरत नाही, म्हणून सगळं नटबोल्टवर. उतरणीला दोन्ही बाजूंनी कठडा. दोरी सोडली की ती काठावर जाऊन टेकायची, ओढली की वर.

वहिनी काठावरच्या दगडावर बसून हे बघायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "भावजी, कठडा जरा खाली घ्या. मी लोंबकाळायला न्हाई येनार, धरायला येनार हाय." मी मुकाट्यानं सगळे बोल्ट काढून कठडा खाली घेतला. एका संध्याकाळी, माझ्याशिवाय काठावर कुणी नसताना, त्या काठी टेकत उतरणीवरनं वर आल्या, फळ्यांवर उभ्या राहिल्या, पायानं दोनदा दाबून पाहिलं आणि तशाच उतरून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "येत्या बाजाराला जाऊ."

मी हे पुतण्याला सांगायला नको होतं, असं आता माझी बायको म्हणते. पण त्याच्यापासून लपवायचं तरी काय? आई त्याची. माझा पुतण्या तसा वाईट नाही, पण त्याला पुढारी व्हायचंय. गावात हातपंप दुरुस्त झाला तरी हा शेजारी उभा राहून फोटो काढतो. तो म्हणाला, "काका, तुमी निवांत या. सगळी तयारी मी करतो." मी शिवऱ्याला होतो, हातात एका शाळेच्या फाटकाचं काम होतं. मला वाटलं, तयारी म्हणजे नारळ-बिरळ आणेल.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी काठावर पोचलो आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. होडी दिसतच नव्हती. तिच्या जागी पाण्यावर एक फ्लेक्स तरंगत होता. माझ्या चार पाईपांना दोन्ही अंगांनी, खालपासून वरपर्यंत, लांबच्या लांब फ्लेक्स ताणून बांधले होते, लग्नाच्या मांडवाला पडदे लावतात तसे. त्यावर काळा चष्मा घातलेला माझा पुतण्या हात जोडून उभा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! भावी अमुक, कार्यसम्राट तमुक! वरच्या ओळीत पक्षाच्या मोठ्या साहेबांचे गोल गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची चिल्लर. आईला पार नेणाऱ्या होडीवर आईचं नावसुद्धा नव्हतं.

"हे काढ," मी म्हणालो.

"काका, वाढदिवस आन् लोकार्पण एकाच दिवशी आलंय."

"लोकार्पण? ही होडी मी तुझ्या आईसाठी केलीय."

"व्हय, पर आई बी लोकातच येती ना!"

मी चाकू काढला तर चौघांनी माझा हात धरला. पाहुणे येतायत, फोटो काढून झाले की लगेच काढू, म्हणाले. पाहुणे! वहिनी धुवट पातळ नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन दगडावर तयार बसल्या होत्या. ऊन चढत होतं. पाहुण्यांची गाडी आली नाही, फोन मात्र येत राहिले, निघालोय, निघालोय. ही माणसं घरात बसून "निघालोय" म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कुणाची वाट बघायची म्हटलं की आमच्या गावाच्या अंगात भलतीच सोशिकता येते. ज्या बाईनं इतका काळ वाट पाहिली तिनं अजून थोडी पाहिली तर काय बिघडलं!

शेवटी वहिनीच उठल्या. "तुमचं पावनं येऊ द्यात न्हाईतर जाऊ द्यात. मी निगाले." आणि त्या उतरणीवरनं, कठडा धरून, एक पाऊल, दुसरं पाऊल, कुणाचाही हात न घेता वर आल्या. फळ्यांवर ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. होडी जराही डुलली नाही. पुतण्या शेजारी उभा राहून मोबाईलनं स्वतःसकट आईचा फोटो घेत होता. माझा राग त्या क्षणापुरता कुठं गेला ते कळलं नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी इंजिनाची दोरी ओढायला मागं वळलो.

शिमगा झाल्यावर आमच्याकडं दुपार धरली की डोंगराकडनं खोऱ्यात वारं उतरतं. मधल्या धारेला आलो आणि त्या वाऱ्यानं फ्लेक्स पकडला. पुण्याच्या साहेबांच्या होडीचं शीड मी उतरवलं होतं, माझ्या पुतण्यानं स्वतःच्या तोंडाचं दुसरं चढवलं होतं! दोन्ही फ्लेक्स पोट फुगवून ताणले आणि होडी खेकड्यासारखी आडवी चालू लागली. वीडरचं इंजिन रानातलं तण काढायला केलेलं, ते बिचारं बोंबलत होतं, पण वारं होडीला भोरकडच्या उतारू घाटापासून लांब, खाली खाली नेत होतं. मी ओरडत होतो, "काप, दोऱ्या काप!" पुतण्या गाठी सोडत होता. सोडत होता, कापत नव्हता. फ्लेक्स फाटेल म्हणून! आई होडीत, होडी वाऱ्यावर, आणि याला फ्लेक्सची काळजी.

नशीब एवढंच, की वारं आम्हाला अलीकडच्याच काठाला घेऊन गेलं. पण कुठं, तर उतारू घाटापासून पार खाली, जिथं पाणी नुकतंच हटलं होतं आणि नुसता गाळ होता. दोन्ही पोटं गाळात रुतली. मी उतरण सोडली. तिचं टोक गाळातच टेकलं. तिथनं घट्ट जमिनीपर्यंत चांगलाच पट्टा राहिला होता, वरनं सुकून तडकलेला, आत लोण्यासारखा मऊ. वर रस्ता दिसत होता, रस्त्यावरनं बाजाराला जाणारी वडाप जीपही दिसत होती. मी पाय टाकून पाहिला तर घोट्याच्या वर गेला. काठी तर सरळ आतच गेली असती.

पुतण्या तोवर फोनवर होता. "पोरं बोलावलीत, आई. आत्ता येत्यात. खुर्चीसकट उचलून न्हेत्याल, पायाला चिखल लागायचा न्हाई."

"मला कुनी हात लावायचा न्हाई."

"आगं पर..."

"न्हाई म्हनले ना?"

मी म्हणालो, वारं सांजेला पडेल, मग घाटाला नेतो. वहिनींनी माझ्याकडं रोखून बघितलं. सांजेला बाजार उठतो. त्या खुर्चीतनं उठल्या, चौकटीच्या पाईपाला धरून उभ्या राहिल्या आणि फ्लेक्सला बोटांनी चाचपून पाहिलं. दुकानात पातळ चाचपतात तसं.

"ह्ये सोड," त्या मुलाला म्हणाल्या. "आन् खाली हातर."

पुतण्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. "आई, त्यात साहेबांचं फोटू हायती!"

"मग? साहेब उठून चालनार हायत व्हय माज्यासंगं?"

मी गाठी सोडायच्या भानगडीत पडलो नाही. सकाळपासून खिशात असलेला चाकू काढला आणि सटासट दोऱ्या कापल्या. एवढं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. फ्लेक्स खाली आला तशी वहिनी म्हणाल्या, "थांबा." वरच्या कोपऱ्यात गणपतीचं चित्र होतं, दुसऱ्या फ्लेक्सवरही होतं. "देव तेवढं कापून घ्या." मी दोन्ही चौकोन कापून दिले. त्यांनी ते कपाळाला लावले, घडी करून पिशवीत ठेवले. "हां. आता हातरा. बाकीच्यांवर पाय दिला तर काय पाप न्हाई लागत."

आम्ही काका-पुतणे गाळात उतरलो. एक फ्लेक्स दुहेरी करून उतरणीला लागून टाकला, दुसरा त्याच्या पुढं घट्ट जमिनीपर्यंत. पुतण्या रडकुंडीला आला होता. "काका, निदान पालथा टाका," तो हळूच म्हणाला. मी पालथा केला. सगळ्यांची तोंडं चिखलात गेली. त्याला तेही बघवेना. "नको, परत सुलटा करा." सुलटा केला. आता आई तोंडावर पाय देणार. तो दोनदा खाली बसला, दोनदा उठला, त्याला ठरवताच येईना. "आरं, ठरवा लवकर," वरनं वहिनी म्हणाल्या, "जीप जाईल." शेवटी तोंडं वर राहिली.

वहिनी उतरणीवरनं खाली आल्या. मी एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या बाजूला, दोघांनी हात पुढं केले. पुतण्यावर मी सकाळपासून संतापलो होतो, पण त्या वेळी माझाही हात त्यांच्या कोपराखाली गेला होता. त्यांनी आधी त्याचा हात झटकला. मग माझा.

"सरका बाजूला. दोगं बी."

मला राग आला, खरं सांगतो. या बाईसाठी मी बोटं जाळून घेतली, नवार विणून पाठ मोडून घेतली, गावाची टिंगल झेलली, आणि माझा हात नको? पण त्या निघाल्या होत्या. काठीचं टोक फ्लेक्सवर टेकवत, मोठ्या साहेबांवरनं, शुभेच्छुकांवरनं, काळ्या चष्म्यातल्या पोटच्या पोरावरनं, दमानं एकेक पाऊल टाकत त्या घट्ट जमिनीवर पोचल्या. तिथं थांबून त्यांनी श्वास घेतला. गाळात उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडं वळून बघितलं.

"ते उचलू नगा," त्या म्हणाल्या. "सांजंला मला माघारी यायचंय."

वर रस्त्यावर त्यांनी हात केला, जीप थांबली, पुढच्या सीटवर बसून त्या गेल्या. पोरं खुर्ची उचलायला धावत आली, त्यांना मी शिव्या घालून परत पाठवलं. आम्ही दोघं गाळाच्या कडेला बसून राहिलो. म्हशी आल्या की पुतण्या उठायचा, दगड मारून त्यांना साहेबांच्या फोटोवरनं हाकलायचा आणि परत येऊन बसायचा. मध्ये एकदा त्याचा फोन वाजला, पाहुणे विचारत होते कार्यक्रम कुठं आहे. त्यानं फोन बंद केला. तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला.

दिवस कलला, वारं पडलं, आणि वहिनी आल्या. पिशवी भरली होती, वर सुकटीच्या पुडक्याचं तोंड दिसत होतं. लेकीकडं चहा झाला होता, दुकानदाराशी भांडणही झालं असणार, कारण चेहरा उजळला होता. परतीच्या वाटेवर त्यांनी तोच फ्लेक्स तुडवला. उन्हानं आणि काठीच्या टोकानं तो जागोजाग फाटला होता, भोकांतनं चिखल वर आला होता. होडीजवळ आल्यावर त्या मुलासमोर थांबल्या. आता आई काहीतरी समजुतीचं बोलेल, असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं.

वहिनींनी खाली बघितलं, मग त्याच्याकडं.

"पुडच्या बाजाराला जाड आन," त्या म्हणाल्या. "ह्यो लई पातळ हाय."